शिवारातून वर जाणारे वायू आणि वाढती उष्णता

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेले भाषण)



आजचा विषय हवेचा आहे. हवा म्हटली की आपण वारा, ढग आणि पाऊस एवढंच बघतो. पण याच हवेत काही वायू असे आहेत की ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तरी त्यांनी आपल्या हंगामाची घडी विसकटायला सुरुवात केली आहे. शास्त्रज्ञ त्यांना हरितगृह वायू म्हणतात. हा शब्द वर्तमानपत्रात येतो, सभांतून कानावर पडतो. पण त्याचा आपल्या बांधाशी काय संबंध, असं पुष्कळ शेतकरी विचारतात. तो संबंध आज सांगायचा आहे. यातला काही वायू आपल्याच शेतातून, आपणच पैसे मोजून आणलेल्या खतातून वर जातो. तो कसा अडवायचा, हेही सांगायचं आहे.

ढगाळ रात्र आणि निरभ्र रात्र

हिवाळ्यातल्या रात्री आठवा. आभाळ निरभ्र असलं की त्या रात्री थंडी कडाक्याची पडते. आणि आभाळ भरून आलं की थंडी पळते, रात्रभर उबारा राहतो. असं का होतं? दिवसा उन्हाने जमीन तापते. रात्री ती उष्णता जमिनीतून वर आभाळाकडे निघते. आभाळ मोकळं असलं तर ती सरळ निघून जाते. ढग असले तर ते तिला अडवतात आणि तिचा काही भाग खाली परत पाठवतात. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच समजा.

हेच काम हवेतले काही वायू बारा महिने, रात्रंदिवस करीत असतात. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड ही त्यांतली मुख्य नावं. हे वायू ऊन खाली येताना त्याला फारसे अडवत नाहीत, पण जमिनीची उष्णता वर जाऊ लागली की ती धरून ठेवतात. पॉलिहाऊसमध्ये ऊब राहते ती मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जात नाही म्हणून. या वायूंची रीत वेगळी आहे, पण परिणाम तसाच, म्हणून त्यांना हरितगृह वायू हे नाव पडलं.

आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. हे दोन्ही वायू उष्णता धरीत नाहीत. धरतात ते उरलेल्या चिमूटभर भागातले वायू. जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोग करून हे दाखवून दिलं. म्हणजे ही काही कालपरवाची कल्पना नव्हे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही गोधडी मुळात वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं आणि कुठलंच पीक उगवलं नसतं. गोधडी आहे म्हणून ते १५ अंशांच्या आसपास आहे. वाईट हे की ती जाड होत चालली आहे.

गोधडी जाड कशी झाली?

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा डोंगर आहे. तिथे १९५८ सालापासून हा वायू सतत मोजला जातो. पहिल्या वर्षी तो ३१५ भाग भरला. आज तो ४२० भागांच्याही वर गेला आहे.

हा वाढलेला वायू मुख्यतः दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल, सिमेंटचे कारखाने आणि जंगलतोड यांतून आला. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कर्ब माणसाने दीड-दोनशे वर्षांत धुराड्यातून वर सोडला. त्यामुळे १८५० ते १९०० या काळाशी ताडून पाहिलं, तर २०११ ते २०२० या दहा वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने जास्त भरलं. मोजणी सुरू झाल्यापासून २०२४ हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, "एका अंशाने काय बिघडतं? आमच्याकडे सकाळ-दुपारमध्ये पंधरा अंशांचा फरक पडतो." प्रश्न बरोबर आहे. पण हा एक अंश साऱ्या पृथ्वीची, वर्षभराची सरासरी आहे. सरासरी एवढी हलली की टोकाचे दिवस फार पुढे जातात. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. ती जमिनीतली ओल अधिक ओढते, आणि कोसळते तेव्हा एकदम कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या आणि इतर शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यांना दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पाऊस पडतो, पण त्याचा मेळ बसत नाही. मध्ये खंड पडतो आणि मग एका रात्रीत बांध फुटतात.

गव्हाचं उदाहरण घ्या. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडे नेमका गव्हाचा दाणा भरायच्या वेळी उन्हाचा तडाखा बसला, दाणा बारीक राहिला आणि उतारा घटला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. त्यामागे जगातली भाववाढ होती, तशी ही उष्णताही होती. हवेतला हा बदल असा थेट कणगीपर्यंत पोचतो.

दोष कुणाचा?

इथे स्पष्ट बोललं पाहिजे. हवा तापवण्यात पहिला वाटा शेतकऱ्याचा नाही. तो कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांचा आहे. त्यातही आजवरचा मोठा हिस्सा अमेरिका आणि युरोपचा आहे. आपल्या देशात माणशी वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू निघतो; अमेरिकेत याच्या सातपट निघतो. देश मोठा, लोक जास्त, म्हणून एकूण बेरीज आपलीही मोठी होते, हे खरं. पण खेड्यातला कोरडवाहू शेतकरी त्या हिशेबात शेवटच्या ओळीत येतो. ऊन आणि खंड मात्र पहिल्यांदा त्यालाच सोसावे लागतात.

मग शेतकऱ्याने काही का करावं? कारण मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे दोन वायू शेतीतून बऱ्याच प्रमाणात निघतात, आणि ते निघतात तिथे शेतकऱ्याचंच काहीतरी वाया गेलेलं असतं. कुठे पाणी, कुठे नत्र, तर कुठे जळण. पदरचा माल गळतो आहे, ती गळती आधी बुजवू. हवेचं भलं होईलच, पण त्याआधी आपलं होईल. एकट्याच्या शेताने जगाची उष्णता उतरणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही. पण गळती बुजवायला जगाची वाट बघायचं कारण नाही.

भाताचं खाचर

भाताच्या खाचरात पाणी सतत उभं राहिलं की मातीला हवा मिळत नाही. अशा बिनहवेच्या चिखलात एक प्रकारचे जिवाणू वाढतात. ते कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून मिथेन तयार करतात. खाचरात चालताना पायाखालून बुडबुडे येतात, त्यांत हा वायू असतो. भाताच्या पोकळ दांड्यातूनही तो वर येतो. किलोला किलो धरला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. मात्र तो हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो. म्हणून आज कमी केला तर त्याचा गुण लवकर दिसतो.

उपाय सोपा आहे, पाणी आळीपाळीने द्यायचं. एकदा भरायचं, मुरू द्यायचं, मग पुन्हा भरायचं. भाताला पाणी हवं, पण ते सदोदित उभं असलंच पाहिजे असं नाही. ओल किती खाली गेली हे बघण्यासाठी असं करा:

सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट लांबीचा, चार ते सहा इंच रुंद प्लॅस्टिकचा पाइप घ्या. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला चारी बाजूंनी भोकं पाडा. बांधाजवळ, सहज दिसेल अशा जागी तो अर्धा जमिनीत रोवा आणि आतली माती काढून टाका. आता जमिनीतलं पाणी किती खोल आहे ते पाइपात डोकावून दिसेल. लावणीनंतर दोन आठवड्यांनी ही पद्धत सुरू करा. तण जास्त असेल तर आणखी आठवडाभर थांबा. पाइपातलं पाणी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी सोडा आणि ते ५ सेंटिमीटर उभं करा. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र पाणी हटू देऊ नका. त्या वेळी ताण बसला तर पळींज वाढेल.

या रीतीने मिथेन निम्म्याच्या आसपास कमी होतो, पाण्याची बचत होते आणि पंप कमी चालतो. ज्याच्या हातात पाणी आहे, त्याचीच ही पद्धत, हे ध्यानात ठेवा. झाडीपट्टीत तलावाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर धान घेणारे आणि उन्हाळी भात करणारे यांना ती चांगली लागू पडते. कोकणात आषाढाच्या धारेत खाचर कोरडं कोण करणार? तिथे मधल्या उघडिपीत पाणी उतरू द्यावं, एवढंच.

युरियाची गळकी गोणी

युरियात ४६ टक्के नत्र असतं. ४५ किलोची गोणी आणली की त्यात वीस-एकवीस किलो नत्र आलं. पण ते सगळं पिकाच्या तोंडी जात नाही. भातात तर पुष्कळदा निम्म्याहूनही कमी लागू होतं. बाकीचं जातं कुठे? युरिया वरच्या वर फेकला तर त्यातलं काही अमोनियाच्या वाफेने उडतं. काही पाण्याबरोबर वाहून किंवा खाली झिरपून जातं. आणि काही भागाचा जमिनीतले जिवाणू वायू करून टाकतात. त्या वायूंत एक असतो नायट्रस ऑक्साइड.

याचं प्रमाण थोडं असतं. जिरायत-बागायत पिकांत शंभर किलो नत्रामागे साधारण एक किलो नत्र असं जातं. पण हा वायू फार चिवट आहे. किलोला किलो धरला तर तो कर्बवायूच्या २७० पटीने उष्णता धरतो आणि शंभर वर्षांहून जास्त काळ हवेत राहतो. शिवाय तो वर गेला याचा अर्थ असा की नत्र पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पडलं, किंवा चुकीच्या वेळी पडलं.

म्हणून काय करावं?

मातीची तपासणी करून घ्या आणि तेवढाच डोस द्या. शेजाऱ्याने दोन गोण्या टाकल्या म्हणून आपण तीन टाकायच्या, हा हिशेब सोडा. युरिया एकदम न देता पिकाच्या वयाप्रमाणे हप्त्याने द्या. मोठा पाऊस येणार असं आभाळ सांगत असेल किंवा रानात पाणी साचलं असेल, तर दोन दिवस थांबा. बागायतीत खत पेरून किंवा मातीआड करून द्या. ठिबक असेल तर त्यातूनच थोडं थोडं सोडा. २०१५ पासून देशात शेतीसाठीचा बहुतेक युरिया निंबोळी तेलाचं आवरण देऊन विकला जातो. तो सावकाश विरघळतो, पण त्यावर भरवसा ठेवून डोस वाढवू नका. पाणी आळीपाळीने देत असाल, तर पाणी उतरलेलं असताना युरिया द्या आणि लगेच पाणी सोडा. मग तो मुळांपाशी जातो.

भातासाठी आपल्याकडे आणखी एक चांगली रीत आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी सांगितलेली चारसूत्री पद्धत अनेकांनी ऐकली असेल. तिच्यात युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, वापरतात. नियंत्रित लावणी केल्यावर चार चुडांच्या चौकोनात मधोमध एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. खत चिखलात खोल राहिल्याने वाहत नाही, उडत नाही, मुळं ते सावकाश घेत राहतात. मजुरी थोडी जास्त पडते, हे खरं. पण खत कमी लागतं. त्याच पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायला सांगितलं आहे. बांधावर गिरिपुष्प लावलं तर तेवढं नत्र फुकटचं.

जिरायत रानात तूर, हरभरा, मूग, उडीद यांचा फेर ठेवा. कडधान्यं मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः घेतात.

उसाचं पाचट

ऊस तुटून गेला की पेटवली काडी, असं अजून पुष्कळ ठिकाणी चालतं. आता हिशेब करा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र असतं. म्हणजे ८ टनांत ४० किलो नत्र, जवळजवळ दोन गोण्या युरियाइतकं. काडी लावली की ते बहुतेक सगळं धुरात जातं. राखेत पालाश काही उरतं, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब गेला तो गेलाच.

पाचट जळताना निघणारा कर्बवायू उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे त्यापुरता जमाखर्च बराचसा जुळतो. पण धुराबरोबर मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही जाते. आणि जमिनीला जे मिळायचं ते मिळत नाही.

न जाळता पाचट सऱ्यांत पसरा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू, शेणखतात मिसळून, सारखे टाका आणि पाणी द्या.

इथे कुणी म्हणेल, "दोन गोण्यांचं नत्र वाचवायचं आणि जवळजवळ दोन गोण्या युरिया वरून टाकायचा, मग मिळवलं काय?" मिळतं ते असं. टाकलेलं नत्र कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात काही काळ अडकतं. पाचट कुजलं की त्यातलं बरंचसं पाचटातल्या नत्रासह पुढे खोडव्याला मिळतं. शिवाय आच्छादनामुळे ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी लांबते, तण दबतं आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. ज्या जमिनीत कर्ब जास्त, ती पावसाच्या खंडात ओल जास्त दिवस धरते. वाढत्या उष्णतेत हीच आपली ठेव.

कापसाच्या पऱ्हाटीचंही तेच. ती बांधावर जाळू नका. यंत्राने बारीक करून तिचं खत करा.

गोठा आणि उकिरडा

गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या पहिल्या पोटात चारा आंबतो आणि मिथेन होतो. तो बहुतेक तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर पडतो. त्याला पुरतं थांबवता येत नाही. पण चाऱ्यातली ताकद ढेकरेत जावी की दुधात, हे थोडंफार आपल्या हातात आहे. कडब्याची कुट्टी करा, जोडीला हिरवा चारा आणि खनिज मिश्रण द्या. चारा अंगी लागला की लिटरमागे वायू कमी पडतो.

शेणाचं मात्र पुष्कळ करता येतं. उघड्या, चिंब उकिरड्यात शेण बिनहवेचं कुजतं, मिथेन फुकट जातो आणि पावसाने सत्त्व वाहून जातं. तेच शेण गोबरगॅसच्या हौदात घातलं तर तोच मिथेन चुलीत जळतो. जळल्यावर त्याचा कर्बवायू आणि पाणी होतं, म्हणजे जबर वायूचा सौम्य वायू झाला. रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठ्या जनावरांचं, मिळत असेल तर दोन घनमीटरचा संयंत्र चालतो. घरच्या बाईचा धूर वाचतो, सरपण वाचतं, आणि मळी खत म्हणून शेतात जाते. हौदाला चीर पडू देऊ नका. गळका हौद असला तर सगळा डाव उलटतो. ज्यांना संयंत्र जमत नाही, त्यांनी उकिरड्यावर निदान छप्पर करावं, ढीग वरचेवर चाळवावा, खाली-वर करावा. हवा खेळली की मिथेन होत नाही.

कार्बन क्रेडिटबद्दल दोन शब्द

हल्ली अशा कामाबद्दल शेतकऱ्याला पैसे देऊ, त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात, असं सांगणारे गावोगाव येतात. कल्पना खोटी नाही. पण कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. करार किती वर्षांचा, मोजणी कोण करणार, पैसे कधी आणि किती, मध्येच सोडता येईल का, हे चार प्रश्न विचारा. नाव नोंदवायला कुणी आधीच पैसे मागितले, तर कृषी खात्याला दाखवल्याशिवाय देऊ नका.

ध्यानात ठेवा

१. भातात पाणी सदोदित उभं ठेवू नका; फुलोऱ्यात मात्र तोडू नका.
२. युरिया माती तपासून, हप्त्याने आणि मातीआड द्या.
३. पाचट, पऱ्हाटी जाळू नका. ती जमिनीची आहे, जमिनीला परत करा.
४. शेण उघड्यावर सडू देऊ नका. आधी गॅस घ्या, मग खत.
५. फेरपालटीत एक कडधान्य ठेवाच.

सगळं एकदम करायला जाऊ नका. यंदा एका खाचरात पाइप रोवा, किंवा एका एकरातलं पाचट राखा. शेजारचा तुकडा नेहमीसारखा ठेवा आणि हंगाम संपल्यावर दोन्हींचं पाणी, खत आणि उतारा वहीत लिहून ताडून बघा. तुमच्या वहीतला आकडा तुम्हाला पटला, तरच पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवा. अडचण आली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

रामराम.